मंग काय झालं, मुरली?

संपादकसाहेब बोलले, "आमच्या अंकात निवृत्त माणसं नोकरीच्या आठवणी लिहितात. तू तर अजून पोरगा आहेस."

मी बोललो, "साहेब, मी निवृत्तच आहे. माझी जागाच निवृत्त झाली, मी एकटा मागं राहून काय करू?"

ते हसले. नाकातून हसतात ते, फलाटावर उभ्या इंजिनाची वाफ सुटावी तसे. हे मी करूनच दाखवलं असतं, पण कागदावर आवाज उमटत नाही, ही माझी मोठी अडचण आहे. माझं सगळं भांडवल गळ्यात, अन् तुम्ही मागता हातानं लिहिलेलं. चालवून घ्या.

तर नोकरी. बुऱ्हाणपूरच्या एका मराठी वाचनालयात मी वाचक होतो. पुस्तक घरी नेतो तो वाचक नाही. तसे गावात खूप होते, परत आणणारे कमी. मी पगारी वाचक. दर शनिवारी संध्याकाळी वाचनालयाच्या हॉलमध्ये पेट्रोमॅक्स लावायचा, सतरंजी अंथरायची, समोर लोक बसले की एक गोष्ट मोठ्यानं वाचायची. बाकीचे दिवस सायकलच्या दोन्ही बाजूंना पिशव्या लटकवून घरोघर पुस्तकं पोचवायची. बायकांनी वाचनालयात येऊन कपाटं धुंडाळायची पद्धत तेव्हा नव्हती, म्हणून कपाटच त्यांच्या दारी जायचं. ते कपाट मी.

आता वाचनालयानं रेडिओ घेतलाय. रेडिओ मधेच पाणी मागत नाही, अन् अध्यक्षांची नक्कल करत नाही. दोन्हींत तो माझ्यापेक्षा सरस. मी सध्या टांग्यात बसून भोंग्यावर सिनेमाची जाहिरात करतो. देडतलाईच्या बाजारात माझा आवाज ऐकून बैल कान टवकारतात. चांगलं चाललंय.

बाहेरच्या माणसाला वाटतं, पुस्तक पोचवायचं काम म्हणजे पोस्टमनचं. नाही हो. पोस्टमनला पाकिटात काय आहे ते माहीत नसलं तरी चालतं. मला आमच्या बुधवारा पेठेतल्या प्रत्येक घराचं पोट माहीत असावं लागायचं. कोणाला ऐतिहासिक पचतं, कोणाला रडकं लागतं, कोणाला सासू हरलेली पाहिजे. एक वकील होते, ते पुस्तकात पेन्सिलीनं शेरे मारायचे. नायक नायिकेला म्हणाला, "मी तुझ्यासाठी प्राण देईन," की बाजूला यांचं, "पुरावा?" पुढच्या घरची मंडळी पुस्तक सोडून आधी शेरेच वाचायची.

अन् गोदाकाकू. गोदाकाकू दारातच विचारायच्या, "कोणी मरतं का रे यात?"

मरत असेल तर त्या पुस्तक घरात नेत नसत. ओट्यावर बसून वाचायच्या, वाचून झालं की पाय धुऊनच आत. घरात मयत नको! एकदा माझीच गफलत झाली. मी बोललो, "सगळे जगतात काकू, नातवंडंसुद्धा होतात." अन् नायिका शेवटच्या चार पानांत गेली. काकू तेव्हा चुलीपाशी वाचत बसल्या होत्या. वरण, भात, भाजी, सगळं गाईला. मला बोलावून ओट्यावर उभं केलं अन् दोन तांबे पाणी अंगावर ओतलं.

"आता तरी पुस्तक पुरं वाचून देत जा, मुडद्या!"

तेव्हापासून मी प्रत्येक पुस्तक शेवटापासून वाचायला शिकलो. शेवट लागल्याशिवाय चैन पडेना, अन् याच सवयीनं पुढं माझा घात केला, ते सांगतो.

आमचे अध्यक्ष डॉक्टर होते. माणूस चांगला, पण साहित्याचंही इंजेक्शन देता येतं असा त्यांचा समज. पुण्यामुंबईकडची मासिकं मागवायचे. एका शनिवारी मला बोलले, "मुरली, ते तलवारी अन् पळवापळवी बंद. आता नवी गोष्ट वाचायची. लोकांची रुची वाढली पाहिजे."

"जी, किती वाढवायची?"

"वाच तू."

अन् मला मासिक देऊन ते पेशंट पाहायला गेले. इंजेक्शन देणारा कधी थांबून बघत नाही.

ती पहिली नवी गोष्ट मला अजून पाठ आहे. एक माणूस आहे. त्याला एका बाईला काहीतरी विचारायचंय. तो तिच्या दारापर्यंत जातो. दाराचा रंग उडालाय. चौकटीवरून मुंगी चाललीय. आतून कांदा परतल्याचा वास येतो. तो कडी वाजवायला हात वर करतो. मुंगी वळते. तो हात खाली घेतो. परत जातो.

खलास. एवढीच.

मी मासिक मिटलं. पहिल्या रांगेत निवृत्त हवालदारकाका बसायचे, मूळचे वऱ्हाडाकडचे. ते पुढं सरकले.

"मंग?"

"मंग काही नाही काका. संपली."

"संपली म्हंजे? तो दारात उभा हाय ना बे!"

"दारात नाही, परत गेला."

"काहून परत गेला? कुत्रं होतं काय तिथं?"

"कुत्रं नाही. मुंगी."

"मुंगीले भेला?"

मागून नथ्थूशेठ उठले. केळीचे आडते. वाचता येत असून वाचत नसत. बोलायचे, आपल्याला पाट्या वाचता येतात, बस झालं. ते बोलले, "देख भाई मुरली, हे बरोबर नाही. घड तोडले, पानं लावली, वॅगन भरली, अन् वॅगन यार्डातच सोडून दिली. माल सडेल ना अंदर!"

नव्या साहित्यावर यापेक्षा चांगला लेख मी आजपर्यंत वाचलेला नाही.

पण दर शनिवारी तशाच गोष्टी यायला लागल्या. एकात बाई खिडकीशी बसते अन् उठत नाही. एकात माणूस स्टेशनवर जातो अन् तिकीट काढत नाही. वाचणाऱ्याची पंचाईत काय होते, ते ऐका. जुन्या गोष्टीत मला आवाजच आवाज होते. दुष्ट मामाला मी बाजारातल्या एका दलालाचा आवाज द्यायचो, राजाला डॉक्टरसाहेबांचा. पण नव्या गोष्टीत माणूस बोलतच नाही. नुसता विचार करतो. विचाराला आवाज कोणाचा द्यायचा?

मी गावभर शोधला. अन् तो मला वाचनालयातच सापडला.

वसंतराव तहसील कचेरीत नक्कलनवीस होते. म्हणजे कोणाला जमिनीच्या जुन्या कागदाची प्रत पाहिजे असली की हे बसून हुबेहूब उतरवून देणार. मूळ कागदात चूक असली तर चूकही उतरवायची. स्वतःचा एक शब्द घालायची मुभा नाही. वय पस्तिशीच्या पुढं, एकटा जीव, खाणावळीत जेवायचे, शनिवारी खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचे. बोलायचे असे, की प्रत्येक वाक्य उंबऱ्यापर्यंत यायचं अन् चप्पल शोधत बसायचं.

"म्हणजे... तसं नाही... पण एका अर्थी... असो."

हा "असो" मी उचलला. पुढच्या नव्या गोष्टीत माणूस विचार करायला लागला की मी वसंतरावांच्या आवाजात विचार करायला लागलो. काय जमलं म्हणता! लोक सुरुवातीला हसले, मग हळूच माना वळवून खिडकीकडे पाहायला लागले. वसंतराव चष्मा पुसत होते. हॉलच्या दुसऱ्या बाजूला, बायकांच्या सतरंजीवर सुमतीबाई बसल्या होत्या. त्यांनी नाही वळून पाहिलं. त्या खाली बघून पदराचं टोक घडी करत होत्या.

सुमतीबाई सरकारी कन्याशाळेत मास्तरीण. बुधवाऱ्यात आईबरोबर राहायच्या. वडील गेल्यावर घर त्यांच्याच पगारावर चाललेलं, त्यामुळे लग्नाचं मागं पडत गेलं, अन् मागं पडलेलं मागंच राहिलं. वाचण्यात एकदम पक्क्या. अन् एक गोष्ट माझ्या सायकलला कधीची माहीत होती: वसंतरावांकडून परत आलेलं पुस्तक दुसऱ्या कोणाकडे जात नसे. ते मला बोलायचे, "मुरली, हे... जमलं तर... सुमतीबाईंकडे टाक." अन् सुमतीबाई पुस्तक हातात घेतल्यावर पहिल्यांदा विचारायच्या, "वसंतरावांनी वाचलं का हे?"

बस. चिठ्ठी नाही, चपाटी नाही, पानात फूल नाही. मी पिशव्या झटकून पाहिलंय.

आणखी एक. वसंतराव रोज संध्याकाळी कचेरी सुटल्यावर बुधवाऱ्याच्या त्या गल्लीतून चक्कर मारायचे. त्यांची खाणावळ अगदी उलट्या बाजूला. सुमतीबाईंच्या दारासमोर आले की थांबायचे, छत्री या हातातून त्या हातात घ्यायची अन् पुढं. पुस्तकं वाटताना मी हे इतक्यांदा पाहिलं, की एकदा सायकलवरून उतरून विचारलंच, "आत का जात नाही तुम्ही?"

"दार बंद असतं रे," ते बोलले.

"वाजवा ना मग."

"असो," ते बोलले.

इकडे शनिवारची गर्दी पातळ व्हायला लागली. नथ्थूशेठ यायचे बंद झाले. हवालदारकाका यायचे, पण फक्त भांडायला. डॉक्टरसाहेब बोलले, लोक येत नसतील तर तुझी जागा ठेवून काय करायचं? तेव्हा मी पोटासाठी एक हुन्नर काढला. लेखकानं गोष्ट सोडली, की मी तिथून पुढं चालवायचो. हातात मासिक धरलेलं, डोळे पानावर, पान कोरं! पहिल्या गोष्टीतला तो दारातला माणूस परत येऊन कडी वाजवायचा अन् आत जायचा. खिडकीतली बाई उठायची, तांब्या आपटायची अन् सासूला सरळ सुनवायची. स्टेशनवरचा तिकीट काढायचा, अन् गार्डानं शिट्टी वाजवल्यावर धावत डबा पकडायचा. शिट्टी मी स्वतः वाजवायचो.

हॉल भरला. नथ्थूशेठ आले, बरोबर मुनीमही आला. हवालदारकाकांचा "मंग?" आता प्रार्थनेसारखा झाला. मी थांबायचो, ते पुढं सरकून विचारायचे, अन् मग अख्खा हॉल, बायकांच्या बाजूसकट, "मंग? मंग?" डॉक्टरसाहेब दाराबाहेरून गर्दी पाहून जायचे अन् सगळ्यांना सांगायचे, बघा, रुची वाढली.

एकच माणूस खूश नव्हता. वसंतराव मासिक माझ्या आधी वाचायचे. एका शनिवारी लोक गेल्यावर ते सतरंजी गुंडाळायला माझ्याजवळ आले. असं कधी व्हायचं नाही.

"मुरली, त्याला आत का नेलंस तू?"

"कोणाला?"

"तो... दारातला."

"अहो लोकांना पाहिजे ना. अन् किती दिवस उभा ठेवायचा? पाय मोडले असते त्याचे."

"लेखकानं नाही नेलं ना पण. तू मूळ बिघडवलंस. तो जाऊ शकत नाही, हेच तर आहे त्यात."

"का नाही जाऊ शकत? पाय धड आहेत की."

वसंतराव रागावलेले मी पहिल्यांदा पाहिले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "धड आहेत म्हणून तर!" ते बोलले. एवढं एक वाक्य त्यांनी आयुष्यात पूर्ण केलं असेल.

मी हसण्यावारी नेलं. मला वाटलं, नक्कलनवीस आहे, मुळात नसलेला शब्द दिसला की याला पित्त होतं.

मग छप्पन साली ते राज्यांच्या नव्या नकाशाचं आलं. आमचं गाव होतं तिथंच राहिलं, पण त्याच्या आजूबाजूची राज्यं हलली. इतके दिवस आमची राजधानी नागपूर. आता बोलले, नागपूर तिकडे गेलं, तुम्ही भोपाळकडे तोंड करा. वऱ्हाड मुंबई राज्यात. कचेरीत, शाळेत, सगळीकडे एकच चर्चा, कोण इकडे राहणार, कोण तिकडे जाणार. नथ्थूशेठ बोलायचे, "केळीला काय फरक पडतो?" केळीला नव्हता पडत. सुमतीबाईंना पडत होता. त्यांचे मामा अमरावतीला. ते मागं लागले, तिकडची नोकरी माग, आईलाही माहेर मिळेल. शाळेनं विचारलं होतं, जाता की राहता, सोमवारपर्यंत सांगा.

मी पुस्तक द्यायला गेलो तेव्हा त्यांनीच सांगितलं. मी बोललो, "मग काय ठरवलं, बाई?"

त्या पुस्तक चाळत होत्या. "इथं राहायला काही कारण असतं तर राहिले असते रे." मग जरा थांबून, "वसंतरावांनी वाचलं का हे?"

मी सायकल अशी हाणली, की गोदाकाकूंची कोंबडी थोडक्यात वाचली. नाही तर तिलाही ओट्यावरच मरावं लागलं असतं. तडक तहसील कचेरी. वसंतरावांना बाहेर बोलावून सांगितलं. बाईंचं वाक्य बाईंच्या आवाजात, थांबण्यासकट. त्यांच्या बोटाला शाई लागलेली, ती ते दुसऱ्या बोटावर घासत होते.

"विचारा आता," मी बोललो. "सोमवार यायच्या आत."

"कसं... म्हणजे... शब्द कुठले..."

शनिवारी दुपारी कचेरी लवकर सुटली अन् ते वाचनालयात आले. मी एकटाच पुस्तकांना कव्हरं घालत होतो. ते बोलले, "मुरली, तू मला करतोस ना... मी विचारलं तर कसं वाटेल ते... एकदा ऐकव."

आता हसू नका. मी नाही हसलो. मी बोललो, "ठीक. मी वसंतराव. तुम्ही सुमतीबाई. बसा."

ते खुर्चीत बसले. पाय जवळ घेऊन, हात मांडीवर. मी दाराबाहेर गेलो, तिथून आत आलो. छत्री नव्हती म्हणून झाडू घेतला, या हातातून त्या हातात केला. अन् त्यांच्या आवाजात बोललो,

"सुमतीबाई... म्हणजे... तसं नाही. सरळच सांगतो. अमरावतीला जाऊ नका. तुम्ही गेलात तर पुस्तक वाचून झाल्यावर ते द्यायचं कोणाला, हे मला कळणार नाही. तुम्ही राहावं. माझ्या घरी राहावं."

एक "असो" तोंडात आला होता, तो मी गिळला.

वसंतराव माझ्याकडे बघत राहिले. खरं सांगतो, त्या वेळी ते थोडेसे सुमतीबाईंसारखे दिसत होते. मग मान खाली घालून एकदम हलक्या आवाजात बोलले, "बरं."

वसंतराव उठले, चष्मा पुसला, माझ्या खांद्यावर हात ठेवला. "छान झालं," बोलले. "फार छान झालं." अन् निघाले. चाल बदललेली. मी खिडकीतून पाहिलं, छत्री खांद्यावर टाकून चालले होते, लग्नातल्या नवरदेवाच्या मित्रासारखे.

संध्याकाळी ते मावा जिलेबीचा पुडा घेऊन आले. गरम, काळीभोर, पाक निथळणारी. माझ्या हातात दिला. चेहरा असा, की पेट्रोमॅक्स नसता लावला तरी चाललं असतं. आता कोणीही काय समजेल? मी हवालदारकाकांच्या कानात सांगितलं, "जमलं!" काकांनी नथ्थूशेठना डोळा घातला. शेठनी मुनीमाला. सुमतीबाई त्या शनिवारी आल्या नव्हत्या, ते आम्हाला आणखीच बरोबर वाटलं, नवरी लाजते. जिलेबी सगळ्यांनी खाल्ली. मी त्या दिवशी अशी गोष्ट वाचली, की शेवटी सनई वाजवली. तोंडानं.

सोमवार गेला. मंगळवारी मी पुस्तक घेऊन बुधवाऱ्यात गेलो, तर बाईंच्या घरात ट्रंका काढलेल्या. आई पितळी भांडी गोणपाटात गुंडाळत होत्या.

"सांगून टाकलं शाळेला," सुमतीबाई बोलल्या. "शनिवारी निघणार."

मी पिशव्यांसकट वळलो. वसंतराव कचेरीत मान खाली घालून प्रत उतरवत होते.

"तुम्ही विचारलं ना त्यांना?"

"विचारलं ना," ते बोलले.

"कधी?"

"त्या दिवशी. तू होतास की."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, अन् हसूच येईना. त्यांनी ऐकलं होतं. विचारून झालं होतं, उत्तर आलं होतं, खुर्चीत बसून त्यांनी स्वतःच दिलं होतं. त्या दुपारी जेवढं व्हायचं तेवढं त्यांच्यापुरतं होऊन गेलं होतं. मग तेच पुन्हा दारात उभं राहून, खऱ्या बाईसमोर, कशाला करायचं?

"वसंतराव, ती तालीम होती!"

"हो," ते बोलले. "हो, ते... कळतं मला." अन् टाक दौतीत बुडवला.

"आज जा. आत्ता जा. अजून चार दिवस आहेत."

"जाईन ना," ते बोलले. अन् गेलेही. मी मुद्दाम गल्लीच्या तोंडाशी सायकलची चेन बसवत बसलो. ते आले. दारासमोर थांबले. छत्री या हातातून त्या हातात घेतली. पुढं गेले. बुधवारी तेच. गुरुवारी तेच. शुक्रवारी पाऊस नव्हता, तरी छत्री उघडली, एवढाच फरक.

शनिवारी दुपारी मी टांग्यात ट्रंका चढवल्या अन् लालबागच्या स्टेशनवर गेलो. भुसावळला गाडी बदलायची, बडनेऱ्याला उतरायचं. आईंना बाकावर बसवलं. सुमतीबाईंनी पिशवीतून मासिक काढून मला दिलं. पहिलंच, दारातल्या माणसाचं.

"हे जमा करून घे. माझ्याकडेच राहिलं होतं."

"बाई, वसंतराव..." मी सुरुवात केली. पण पुढं काय? माझ्याकडे शेवटांचं दुकान होतं, त्या क्षणी एकही निघेना.

त्या बोलल्या, "तू त्याला आत न्यायचास, ते मला आवडायचं. खोटं होतं, पण आवडायचं." गाडी आली. त्यांनी आईंना वर चढवलं, ट्रंका मोजल्या, अन् खिडकीतून बोलल्या, "मुरलीधर, त्यांना एक सांगशील? संध्याकाळच्या वेळी मी दार नुसतं लोटून ठेवायचे. कडी कधीच लावलेली नसायची."

गार्डानं शिट्टी वाजवली. माझ्यापेक्षा वाईट वाजवली.

वाचनालयात आलो तेव्हा वसंतराव आधीच खिडकीशी बसले होते. लोक यायचे होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"बाईंनी निरोप दिलाय."

त्यांनी डोळे मिटले. "त्यांच्या आवाजात सांग," ते बोलले.

मला येत होता तो आवाज. थांबण्यासकट येत होता. डोळे मिटलेला माणूस तो ऐकणार, त्याला भरून येणार, अन् झालं म्हणून समाधानानं घरी जाणार. परत जिलेबी आणली असती त्यानं.

मी माझ्या आवाजात सांगितलं. तो कसा आहे हे मलाच नीट माहीत नव्हतं. जरा चिरका आहे. "कडी लावलेली नसायची. दार नुसतं लोटलेलं असायचं. रोज." अन् वर माझ्या पदरचं एक घातलं, "भुसावळची गाडी उद्याही असते."

वसंतरावांनी डोळे उघडले. उठले. टोपी घातली, छत्री घेतली, दारापर्यंत गेले, अन् चौकटीत उभे राहिले. एक पाय उंबऱ्याच्या बाहेर. मी श्वास धरून पेट्रोमॅक्सला हवा भरत होतो. हवालदारकाका आले, त्यांच्या बाजूनं अंग चोरून आत शिरले. बायका आल्या. शेवटी नथ्थूशेठ आले, त्यांचं अंग काही चोरण्यासारखं नव्हतं.

"वसंतराव, अंदर या नाही तर बाहेर जा भाई. हवा अडते सगळी."

वसंतराव दचकले. "असो," बोलले. अन् आत आले. छत्री खुर्चीला अडकवली अन् बसले. अजूनही तिथंच बसतात, रेडिओच्या जवळ.

मी मासिक उघडलं. तीच पहिली गोष्ट वाचली, विचाराला कोणाचाच आवाज न देता. रंग उडालेलं दार, मुंगी, कांद्याचा वास. त्यानं हात वर केला, मुंगी वळली, त्यानं हात खाली घेतला अन् परत गेला. लेखकानं जिथं संपवली, तिथं मी मासिक मिटलं.

अन् वाट पाहिली.

हवालदारकाका सवयीनं पुढं सरकले. तोंड उघडलं. मग त्यांनी मान वळवून खिडकीजवळच्या खुर्चीकडे पाहिलं, जरा वेळ पाहिलं, अन् तोंड मिटून परत मागं सरकून बसले.

त्या दिवशी "मंग" कोणीच विचारलं नाही.